संशोधन विद्यापीठ काढताना संस्थापकांनी आधी काय सोडून द्यावे

प्रश्न असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेची अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि विज्ञान अशी तीन महाविद्यालये बरीच वर्षे चालू आहेत. विश्वस्तांपैकी काहींच्या फौंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आहेत, काही साखर धंद्यातले आहेत. आता त्यांना संशोधनाला वाहिलेले खासगी विद्यापीठ उभे करायचे आहे. ध्येये काय लिहावीत, अधिकारमंडळे कशी रचावीत, पैसा किती लागेल आणि अशी विद्यापीठे कुठे फसतात, असे त्यांनी विचारले आहे.

ध्येयाचा मसुदा लिहायला बसले की पहिल्या पानावर ‘जागतिक दर्जा’, ‘उत्कृष्टतेचे केंद्र’, ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द येतातच. त्यांत वावगे काही नाही, पण त्या शब्दांनी कुणाचेच हात बांधले जात नाहीत. स्थापनेचा कागद पारखायचा असेल तर त्याच्यापुढे एक प्रसंग ठेवा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीतून साच्याची वापरून संपलेली वाळू बाहेर पडते. तिच्यात बेंटोनाइट ही चिकट माती असते, कोळशाची भुकटी असते, आणि कोअरची, म्हणजे साच्यातल्या गाभ्याची, वाळू मिसळलेली असेल तर ती बांधणाऱ्या रेझिनचे अवशेषही असतात. समजा, तुमच्या विद्यापीठातली पीएचडीची विद्यार्थिनी या वाळूच्या ढिगाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी तपासते आणि तिला त्यात फिनॉल हे विषारी रसायन सापडते. फौंड्री तुमच्याच एका विश्वस्तांची आहे. आता तो शोधनिबंध छापायला जाईल की नाही, हे कोण ठरवणार? तिच्या मार्गदर्शकाची नेमणूक पुढच्या वर्षी कायम होणार आहे, त्या समितीवर कोण बसणार? तिची शिष्यवृत्ती कुठल्या खात्यातून येते आणि त्या खात्यावर सही कुणाची चालते? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदात मिळाली तर तुमच्याकडे ध्येय आहे असे समजा.

संशोधन विद्यापीठ ही कल्पना १८१० साली बर्लिनमध्ये आकाराला आली. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी शिकवणे आणि शोध घेणे एकाच माणसाच्या हाती ठेवले. काय शिकवायचे हे शिक्षकाने ठरवायचे आणि काय शिकायचे हे विद्यार्थ्याने. पण ते सरकारी विद्यापीठ होते. खासगी पैशावर हा डोलारा उभा करताना एक जास्तीचा पेच येतो. पैसा देणारा माणूस जिवंत असतो, जवळच राहतो, आणि त्याला मते असतात. अमेरिकेत १८७० ते १९०० या काळात हा पेच अनेक ठिकाणी पडला. तिथे काय झाले ते मसुदा लिहिण्यापूर्वी विश्वस्तांनी नीट वाचावे.

बाल्टिमोरचे व्यापारी जॉन्स हॉपकिन्स १८७३ साली वारले. त्यांनी ७० लाख डॉलर ठेवले होते, निम्मे विद्यापीठाला आणि निम्मे रुग्णालयाला. १८७६ साली विद्यापीठ सुरू झाले तेव्हा पहिले अध्यक्ष डॅनियल गिल्मन यांनी इमारतींवर पैसा घातला नाही. शहरातल्या साध्या घरांत वर्ग भरवले आणि पैसा माणसांवर खर्च केला. वर्षाला ५०० डॉलरच्या वीस संशोधन छात्रवृत्त्या त्यांनी पहिल्याच वर्षी ठेवल्या. हे त्यांचे शहाणपण. फसगत झाली ती निधीत. विद्यापीठाचा बहुतेक पैसा बाल्टिमोर अँड ओहायो या एकाच रेल्वे कंपनीच्या शेअरमध्ये होता. १८८० च्या दशकाअखेरीस त्या कंपनीने लाभांश थांबवला आणि विद्यापीठाला पगाराची भ्रांत पडली.

वुस्टर गावातल्या क्लार्क विद्यापीठाची अडचण निराळी होती. संस्थापक जोनास क्लार्क यांच्या मनात गावातल्या मुलांसाठी महाविद्यालय होते, तर त्यांनी नेमलेले अध्यक्ष स्टॅन्ली हॉल यांना फक्त पदव्युत्तर संशोधन हवे होते. दोघांनी हे समोरासमोर बसून कधी कागदावर उतरवले नाही. १८८९ साली वर्ग सुरू झाले, संस्थापकांनी हात आखडता घेतला, आणि १८९२ साली नव्या शिकागो विद्यापीठाने शिक्षकवर्गातला मोठा भाग उचलून नेला.

स्टॅनफर्डचे उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे. लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड यांनी १८८५ च्या दानपत्रात पुष्कळ चांगल्या गोष्टी लिहिल्या. मुलगे-मुली एकत्र शिकतील, कुठल्याही पंथाचा वरचष्मा नसेल, आणि आवाराची ८ हजार एकरांहून अधिक जमीन कधीही विकता येणार नाही. पण त्याच कागदात त्यांनी दोघांच्या हयातीपर्यंत विश्वस्तांचे सगळे अधिकार स्वतःकडे ठेवले. लेलँड १८९३ साली वारले. सरकारने मालमत्तेवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला आणि ती अडकून पडली. तेव्हा जेनबाईंनी स्वतःच्या घरखर्चाला मिळणाऱ्या पैशातून प्राध्यापकांचे पगार भागवले. यापेक्षा मोठी निष्ठा ती कोणती! आणि याच बाईंनी १९०० साली एडवर्ड रॉस या प्राध्यापकांना भाषणे आवडली नाहीत म्हणून काढायला लावले. रॉस यांची स्थलांतरितांविषयीची मते वंशद्वेषी होती, ती कुणी उचलून धरावीत असे नाही. प्रश्न काढण्याच्या रीतीचा होता. ना चौकशी, ना समिती, एका व्यक्तीचा शब्द. निषेध म्हणून काही प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्यांतले एक, आर्थर लव्हजॉय, पुढे १९१५ साली अमेरिकी प्राध्यापकांची संघटना उभारणाऱ्यांत अग्रभागी होते. जेनबाईंनी १९०३ साली आपले अधिकार विश्वस्तांकडे सोपवले. ते १८८५ सालीच सोपवले असते तर विद्यापीठाची ही नामुष्की टळली असती.

आपल्याकडचे उदाहरण जमशेटजी टाटांचे. १८९० च्या दशकात त्यांनी संशोधन संस्थेसाठी जवळजवळ निम्मी मालमत्ता देऊ केली आणि संस्थेला आपले नाव लावायचे नाही असे ठरवले. म्हैसूर संस्थानाने बंगळुरातली ३७१ एकर जमीन दिली आणि सरकारनेही वर्षासन दिले. जमशेटजी १९०४ साली गेले, भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली कागदोपत्री अस्तित्वात आली. संस्थापकांशिवाय ती उभी राहिली, कारण काय द्यायचे आणि काय राखायचे हे आधी ठरलेले होते. कोल्हापुरात तर यासाठी दूर बघायलाच नको. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली तेव्हा जागा आणि उत्पन्न संस्थानाने दिले, रोजचा कारभार मात्र त्या त्या समाजाच्या मंडळींकडे राहिला.

तेव्हा माझा सल्ला असा की ध्येयाच्या पानाला जोडून एक ‘सोडलेल्या अधिकारांचे पत्र’ लिहा. त्यातली मुख्य कलमे साधारण अशा भाषेत असावीत (प्रायोजक संस्था म्हणजे विद्यापीठ काढणारी तुमची शिक्षण संस्था):

“कोणत्याही संशोधनाचा निष्कर्ष, त्याचे प्रकाशन किंवा प्रबंध थांबवण्याचा, लांबवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार प्रायोजक संस्थेला, तिच्या विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातलगांच्या उद्योगांना असणार नाही. पेटंटचा अर्ज करण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मागता येईल, त्यापुढे नाही.”

“शिक्षकाची नेमणूक, बढती आणि सेवासमाप्ती यांवर प्रायोजक संस्थेच्या प्रतिनिधीचे एकट्याचे मत चालणार नाही. सेवासमाप्तीपूर्वी आरोप लेखी देणे, शिक्षकाला बाजू मांडू देणे आणि बाहेरचा किमान एक सदस्य असलेल्या समितीने निर्णय देणे बंधनकारक राहील.”

“विश्वस्ताच्या उद्योगाचा ज्या संशोधनाशी आर्थिक संबंध येतो, त्याविषयीच्या बैठकीत तो विश्वस्त बसणार नाही. तशी नोंद इतिवृत्तात होईल.”

६० दिवसांची मुदत उगीच नाही घातली. भारतीय पेटंट कायद्यात शोध आधी जाहीर झाला तर नावीन्य जाते, त्यामुळे निबंध छापण्यापूर्वी किमान तात्पुरता अर्ज जायला हवा. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. त्यामुळे ‘पेटंट व्हायचे आहे, निबंध थांबवा’ असे दोन-दोन वर्षे सांगत राहायला कारणच उरत नाही.

हे पत्र कुठे ठेवायचे हा प्रश्न मजकुराइतकाच मोलाचा आहे. माहितीपत्रकात छापले तर पुढच्या वर्षीच्या आवृत्तीतून ते गुपचूप गळू शकते. खासगी विद्यापीठाच्या कागदांची उतरंड अशी असते: सर्वांत वर विधिमंडळाचा कायदा, मग परिनियम, मग अध्यादेश, मग विनियम. कायद्याचा मसुदा शासनाचा असतो, त्यात तुमचे फार चालत नाही. पहिले परिनियम मात्र विद्यापीठाच्या बाजूने तयार होतात आणि ते शासनाच्या मान्यतेला जातात. ही कलमे तिथेच घालावीत. एकदा परिनियमात गेली की एखाद्या बैठकीत आयत्या वेळच्या विषयात ती बदलता येत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. छत्तीसगडने २००२ साली एका कायद्याखाली नुसत्या अधिसूचनेने शंभरावर खासगी विद्यापीठे काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली यशपाल खटल्यात ती तरतूद रद्द केली आणि विद्यार्थी मधल्यामध्ये अडकले. खासगी विद्यापीठांसाठी आयोगाचे २००३ चे विनियम आहेत. त्यानुसार खासगी विद्यापीठ एकात्म असते, म्हणजे बाहेरच्या महाविद्यालयांना ते संलग्न करून घेऊ शकत नाही, आणि मुख्य आवाराबाहेर केंद्र काढायला सुरुवातीची पाच वर्षे थांबावे लागते. तुमच्या तीन महाविद्यालयांतल्या चालू तुकड्या ज्या विद्यापीठात दाखल झाल्या, त्याचीच पदवी घेऊन बाहेर पडतील. नव्या प्रवेशांना नवी पदवी. ही दुहेरी व्यवस्था तीन-चार वर्षे चालते आणि परीक्षा विभागाचा घाम काढते, म्हणून त्या काळासाठी दोन स्वतंत्र परीक्षा कक्ष ठेवा. औषधनिर्माणशास्त्राला फार्मसी कौन्सिलची मान्यता वेगळी लागतेच.

आता अधिकारमंडळे. नियामक मंडळ, व्यवस्थापन मंडळ, विद्या परिषद, वित्त समिती, परीक्षा मंडळ आणि अभ्यास मंडळे हा सांगाडा बहुतेक सगळीकडे सारखाच. नियामक मंडळात प्रायोजक संस्थेचे पारडे जड असते आणि ते कायद्यानेच ठरलेले असते. लोक इथे हात टेकतात. पण तुमच्या वाट्याच्या जागांवर कुणाला पाठवायचे हे तुमच्याच हातात आहे. संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव करा, की आपल्या वाट्याच्या जागांपैकी निम्म्या जागांवर विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक नसतील. तिथे संशोधनात आयुष्य घालवलेली बाहेरची माणसे जातील आणि मुदत संपेपर्यंत त्यांना काढता येणार नाही. कायद्याला धक्का न लावता एवढ्या एका ठरावाने मंडळाचा पोत बदलतो.

कामांची वाटणी साखर कारखान्याच्या माणसाला चटकन समजेल अशी आहे. उसाला भाव किती द्यायचा, कर्ज किती काढायचे, हे संचालक मंडळ ठरवते. रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) किती आणि साखरेचा उतारा किती, हे प्रयोगशाळा सांगते, आणि चेअरमनने प्रयोगशाळेत जाऊन आकडा बदलावा असे कुणी म्हणणार नाही. विद्यापीठात नियामक आणि व्यवस्थापन मंडळांचे क्षेत्र पैसा, जमीन, पदसंख्या आणि कुलगुरूंची नेमणूक. अभ्यासक्रम, प्रबंध, परीक्षक, कोणता विषय शोधण्याजोगा आहे, हे क्षेत्र विद्या परिषदेचे. दोन्ही क्षेत्रे एकमेकांवर येतात ती पदांच्या बाबतीत. पद निर्माण करायचे की नाही, हे पैशाचे काम म्हणून मंडळाचे. त्या पदावर कोण, हे विषयतज्ज्ञांच्या निवड समितीचे. मंडळाने समितीची शिफारस एक तर मान्य करावी किंवा लेखी कारण देऊन परत पाठवावी. यादीतले दुसरे नाव उचलून पहिल्याच्या जागी बसवण्याची मुभा ठेवू नका. शिक्षक खचतात ते नेमके इथे.

आणखी एक पद नव्या विद्यापीठांत कागदावर असते आणि कामात नसते, ते म्हणजे संशोधन अधिष्ठाता. त्याच्या हाताखाली स्वतंत्र कार्यालय हवे: प्रकल्पांचे अर्ज बघणारा एक, प्रकल्पांचे हिशेब आणि विनियोग प्रमाणपत्रे (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) बघणारा एक, खरेदी बघणारा एक. विनियोग प्रमाणपत्र वेळेवर न गेल्यामुळे पुढचा हप्ता अडकतो आणि प्रकल्पावरच्या मुलांना चार-चार महिने पैसे मिळत नाहीत, ही सर्वांत सर्रास दिसणारी आणि टाळता येणारी चूक आहे. माणसांवर संशोधन असेल तर नैतिकता समिती, प्राण्यांवर असेल तर त्याची वेगळी समिती, जनुकीय काम असेल तर जैवसुरक्षा समिती, या पहिल्या वर्षातच नोंदवून घ्या. समितीच्या मंजुरीआधी घेतलेले नमुने नंतर कुठल्याच चांगल्या नियतकालिकाला चालत नाहीत.

खरेदीच्या फाइलचा प्रवास एकदा स्वतः पाहा. बारा हजार रुपयांचे रसायन हवे आहे. विद्यार्थी मागणीपत्र लिहितो. मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखाची सही, भांडारात ‘शिल्लक नाही’ असा शिक्का, तीन दरपत्रके, महिन्यातून एकदा बसणारी खरेदी समिती, लेखा विभाग, कुलसचिव, आणि शेवटी शहरातल्या संस्थेच्या कार्यालयात अध्यक्षांच्या सहीसाठी फाइल. अध्यक्ष परगावी असतात. बाटली येईपर्यंत दीड महिना जातो आणि तोवर विद्यार्थ्याने तयार केलेले मध्यवर्ती संयुग हवेने खराब झालेले असते. उपाय सोपा आहे. प्रकल्पाच्या मंजूर रकमेतून ५० हजारांपर्यंत मार्गदर्शकाची सही पुरेशी, अडीच लाखांपर्यंत विभागप्रमुखाची, त्यापुढे समिती. संस्थेच्या कार्यालयाकडे फाइल जाताच कामा नये. गैरव्यवहाराची भीती असेल तर नंतर लेखापरीक्षण कडक करा, आधी अडवू नका.

पैशाचे गणित उघड्या डोळ्यांनी करावे लागते, कारण इथेच स्वप्ने आपटतात. समजा, तुम्ही १०० कोटींचा कायम निधी उभा केला. ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला ७ कोटी. महागाई ५ टक्के धरली तर निधीची किंमत टिकवायला त्यातले ५ कोटी परत निधीतच घालावे लागतात. खर्चाला उरतात २ कोटी. आता दुसरी बाजू. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीचा जानेवारी २०२३ पासूनचा दर महिन्याला ३७,००० रुपये आहे आणि वरिष्ठचा ४२,०००. पहिली दोन वर्षे कनिष्ठ आणि पुढची तीन वरिष्ठ धरली तर एका विद्यार्थ्यामागे पाच वर्षांत बरोबर २४ लाख होतात, घरभाडे वेगळे. एका वेळी ६० विद्यार्थी ठेवायचे तर वर्षाला २ कोटी ८८ लाख. म्हणजे १०० कोटींचा निधी तुमच्या साठ विद्यार्थ्यांनाही पुरत नाही. बाहेरच्या परीक्षा देऊन स्वतःची छात्रवृत्ती आणणारे काही असतील, प्रकल्पांतून काहींचे भागेल, तरी पहिली सात-आठ वर्षे नव्या विद्यापीठाला प्रकल्प कमीच मिळतात.

तेव्हा तीन वाटा लागतात. निधी, शुल्काच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा, आणि विश्वस्तांनी करार करून दिलेले दहा वर्षांचे वार्षिक दान. शुल्कातला १२ ते १५ टक्के वाटा संशोधनाच्या स्वतंत्र खात्यात वर्षाच्या सुरुवातीलाच वळवा. वर्षाअखेरीस ‘उरले तर’ असे ठरवले तर कधीच उरत नाही. निधी विश्वस्तांच्या स्वतःच्या कंपन्यांत ठेवू नका. हॉपकिन्सचा धडा तर आहेच, शिवाय तसे केले तर आयकराची सूटही धोक्यात येते. आणि जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने देता येईल, हे स्टॅनफर्डचे कलम जसेच्या तसे घ्या. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, पण ती मिळू शकते. म्हणून स्वतःचे कलम हवेच.

पीएचडीबद्दल आयोगाचे २०२२ चे विनियम पुरेसे स्पष्ट आहेत. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. कमीत कमी ३ वर्षे, साधारण कमाल ६. किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रमीय काम, दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती, किमान दोन बाह्य परीक्षक. घोटाळा होतो तो कमाल आकड्याला लक्ष्य समजल्यामुळे. १० प्राध्यापक, १२ सहयोगी आणि १८ सहायक असतील तर नियमाने २२४ विद्यार्थी घेता येतात. वर पाहिलेच, की पैसा साठांचाही नाही. उरलेले १६४ जण मग कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवत, रविवारी प्रयोगशाळेत येत, स्वतःच्या खर्चाने पीएचडी करतात. त्यांत बहुतेक आपल्याच खेड्यापाड्यांतली मुले असतात, आणि त्यांची उमेदीची सहा-सात वर्षे जातात. परिनियमात साधे वाक्य घाला: छात्रवृत्तीची तरतूद नसेल तर पूर्णवेळ प्रवेश नाही. प्रवेश कमी होतील, होऊ द्या.

शिक्षकाचा वेळ हा निधीइतकाच राखून ठेवायचा माल आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि वरच्या दोघांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यात उत्तरपत्रिका, प्रवेशाच्या जाहिराती, मान्यतेच्या फाइली, स्नेहसंमेलन धरले तर संशोधनाला रात्र उरते. नव्याने आलेल्या शिक्षकाला पहिली दोन वर्षे आठवड्याला ६ ते ८ तासच द्या, आणि हे त्याच्या नेमणूकपत्रात लिहा. प्रायोगिक विषय असेल तर २५ ते ५० लाखांचे प्रारंभिक अनुदान द्या. गणित, इतिहास, भाषा या विषयांना ३ ते ५ लाखही पुष्कळ होतात, पण ते विसरू नका. एकटा माणूस एका विषयात टिकत नाही, म्हणून विषय कमी ठेवा. चाळीस शिक्षकांत वीस विभाग काढण्यापेक्षा पाच-सहा विषयांत प्रत्येकी सहा-आठ जण, ज्यांचे प्रश्न एकमेकांना खेटून आहेत, असे असावे. संध्याकाळी चहा पिता पिता एकमेकांची चूक सांगणारी माणसे एका मजल्यावर असली की निम्मे काम होते.

उपकरणांचा मोह आवरा. मोठे उपकरण घेताना किमतीच्या ५ ते १० टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला लागेल असे धरा, आणि ती पाच वर्षांची बाजूला काढल्याशिवाय खरेदीचा आदेश काढू नका. चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ कायम पगारावर हवा. विद्यार्थ्यावर सोपवलेले उपकरण तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला की बंद पडते. शिवाजी विद्यापीठात सामाईक उपकरण केंद्र आहे. जे तिथे दर देऊन तपासून मिळते ते पहिल्या पाच वर्षांत विकत घेऊ नका. कोल्हापूरचा पाऊस हिशेबात धरा. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने भिंगांना बुरशी येते, म्हणून उपकरणाच्या खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखणारी यंत्रे दिवसरात्र चालली पाहिजेत. शनिवार-रविवार वीज वाचवायला ती बंद करणारा शिपाई असेल तर त्याला आधी कारण समजावून सांगा. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की काय होते, हे २०१९ आणि २०२१ साली सगळ्यांनी पाहिले. शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला. द्रव नायट्रोजन, गॅस सिलिंडर आणि जनित्राचे डिझेल यांचा पंधरा दिवसांचा साठा जुलैच्या सुरुवातीला आवारात असला पाहिजे. उणे ८० अंशांच्या शीतपेट्या तळमजल्यावर ठेवू नका. प्रत्येक उपकरणाशेजारी बांधीव नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, कोण, कुठला नमुना, किती तास, खोलीचे तापमान, आर्द्रता, काही बिघाड, सही. तपासणीला आलेला जाणता माणूस आधी ही वही चाळतो. पाने कोरी असतील तर उपकरण शोभेचे आहे हे त्याला लगेच कळते.

विषय निवडताना ध्येयाच्या पानावर भूगोल येऊ द्या. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे करणारे जे. पी. नाईक याच जिल्ह्यातले, आणि तेच पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. खेड्याच्या प्रश्नावर केलेल्या कामातून देशाच्या धोरणापर्यंत जाता येते, याचा पुरावा इथेच आहे. फौंड्रीच्या वाळूचा पुनर्वापर, गूळ करताना काकवीचा रंग आणि टिकाऊपणा, इचलकरंजीच्या प्रक्रिया उद्योगाचे सांडपाणी, राधानगरीच्या जंगलातली वनस्पतिसंपदा, ऊसशेतीतली जमिनीची क्षारता, या प्रत्येकात रसायन, सूक्ष्मजीव, यंत्र आणि अर्थशास्त्र एकत्र येतात. गुळावर आणि उसावर कोल्हापुरात प्रादेशिक संशोधन केंद्र आधीपासून आहे. त्याच्याशी स्पर्धा न करता त्याच्या नोंदी आणि तुमची रासायनिक विश्लेषणाची सोय एकत्र आणा. पण त्याच वेळी संख्यासिद्धान्त किंवा मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्याला ‘जिल्ह्याला याचा उपयोग काय’ असे विचारले जाणार नाही, हेही त्याच पानावर असू द्या. स्थानिक उपयोग हा निवडीचा एक निकष आहे. तो एकमेव झाला की विद्यापीठ सल्लागार कंपनी होते.

उद्योगांकडून येणाऱ्या प्रकल्पांचा करार विद्यापीठाच्या ठरलेल्या नमुन्यातच करा. कच्ची मोजमापे विद्यापीठाकडे राहतील, निष्कर्ष छापता येतील, कंपनीचे गुपित मिश्रण किंवा ग्राहकांची नावे झाकता येतील, निकाल झाकता येणार नाहीत. विश्वस्ताच्या फौंड्रीलाही हाच नमुना. पहिल्या वर्षी दोन-तीन उद्योजक यावर सही करायला नकार देतील. त्यांचे पैसे जाऊ द्यावेत. नमुना एकदा वाकवला की पुढच्या प्रत्येक करारात तोच दाखला समोर येतो.

शेवटचे कलम दुरुस्तीचे. सोडलेल्या अधिकारांचे पत्र बदलायचे असेल तर नियामक मंडळाच्या तीन-चतुर्थांश मतांनी, विद्या परिषदेचे लेखी मत घेऊन, आणि सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ठराव झाला तरच बदलता येईल असे घाला. सहा महिन्यांचे अंतर यासाठी की एखाद्या निबंधावरून तापलेल्या बैठकीत हा ठराव आला, तर दुसऱ्या वेळेपर्यंत तो निबंध छापून झालेला असेल. पत्रावर सगळ्या विश्वस्तांच्या सह्या घ्या, पुढच्या पिढीतून विश्वस्त होणाऱ्यांच्या रुजू होताना घ्या, आणि प्रत्येक नव्या शिक्षकाला नेमणूकपत्रासोबत त्याची एक प्रत द्या.